स्पीकर खरखरतोय म्हणून लगेच नवीन घेऊ नका, रविवार कारंजाजवळच्या काकांना एकदा दाखवा (नाशिक)

रेटिंग आधीच सांगतो, 5 पैकी 4. एक स्टार का कापला ते खाली येईल. दुकानाचं नाव टाकत नाहीये कारण काकांनीच नको म्हणून सांगितलं, गणपती-नवरात्रात मंडळांची कामंच उरकत नाहीत म्हणे. त्या भागात जुना टेप, अँप (अॅम्प्लिफायर) रिपेअर कुठे होतो असं विचारलं तर लोक हात करून दाखवतात.

माझ्याकडे पप्पांनी घेतलेला नव्वदच्या दशकातला सेट आहे, आपल्याकडेच बनलेला तीन पिनचा अँप आणि 8 इंची वूफरवाले (वूफर म्हणजे बेसचा मोठा स्पीकर) दोन लाकडी बॉक्स. तक्रारी तीन. गाणं नसताना पण मागे सतत हम्म् असा आवाज, आवाज वाढवला की डावा बॉक्स फाटल्यासारखा वाजायचा, आणि व्हॉल्यूमचं बटण फिरवलं की खर्र खर्र. याआधी शहरातल्याच एका चकाचक शोरूमला नेलं होतं, तिथल्या पोराने बॉक्सची जाळीसुद्धा न काढता सांगितलं की दोन्ही वूफर गेलेत, आता याचं काही मिळत नाही, त्यापेक्षा हा साउंडबार घ्या, ईएमआयवर देतो. म्हणजे डॉक्टरने नाडी न बघता ऑपरेशनची तारीख द्यायची असला प्रकार.

काकांनी बॉक्सला हात लावायच्या आधी प्रश्न विचारायला सुरुवात केली. "व्हॉल्यूम शून्यावर असताना पण हम येतो का? बटण वाढवलं की तो पण वाढतो का तेवढाच राहतो?" मी म्हणलं वाढतो. "मग अँपचं पोट ठीक असणार, बाहेरून काहीतरी आत येतंय." लॉजिक असं की व्हॉल्यूमबरोबर हम वाढला तर तो बटणाच्या आधीच शिरलेला असतो, म्हणजे इनपुटकडून, आणि व्हॉल्यूम कुठेही असला तरी तेवढाच राहिला तर बटणाच्या पुढचा भाग बघायचा, पॉवर सप्लायचे मोठे कंडेन्सर वगैरे. आपली लाइट 50 हर्ट्झची, त्यामुळे अर्थिंगच्या गडबडीचा हम बहुतेक वेळा 50 चा जाड आवाज असतो आणि कंडेन्सर सुकला की 100 ची जरा चिडकी बर्र येते. मोबाईलवर टोन जनरेटरचं फुकट अॅप मिळतं त्यात 50 आणि 100 वाजवून दोन्ही कानात बसवून घ्या म्हणाले, पण हेडफोन लावून, कारण मोबाईलच्या चिमुकल्या स्पीकरला 50 झेपत नाही.

मग त्यांनी घरीच करायला लावलं, फुकटात. अँपला मागे लावलेल्या सगळ्या पिना काढायच्या आणि एकेक परत लावत जायची. टीव्हीची पिन लावली की हम हजर, आणि टीव्हीच्या सेटटॉप बॉक्सची केबलवाल्याची वायर उपसली की गायब. ग्राउंड लूप. केबलच्या वायरीवरचं धातूच्या जाळीचं वेष्टण बाहेर कुठेतरी अर्थ झालेलं, अँप घरच्या अर्थिंगवर, आणि त्या दोन्हींमध्ये जो थोडा करंट फिरतो तो ऑडिओच्या वायरीतून ऐकू येतो. टीव्ही आणि अँप एकाच बोर्डवर घेतल्यावर थोडा कमी झाला आणि मध्ये एक छोटा ऑडिओ आयसोलेटर (आवाज पुढे सोडतो पण दोन्हीकडचा अर्थ वेगळा ठेवतो) लावल्यावर पूर्ण गेला. इथे एक महत्त्वाचं, बरेच जण यावर इलाज म्हणून प्लगची जाड अर्थिंगची पिन काढून टाकतात, आवाज थांबतो पण अँपच्या पत्र्यात कधी करंट उतरला तर तो तुमच्या अंगातून जाणार. काका या विषयावर अक्षरशः चिडून बोलतात.

डाव्या बॉक्सचं काम मात्र दुकानातच झालं आणि ते बघण्यासारखं होतं. आधी अँपच्या मागे डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरी अदलाबदल केल्या. फाटका आवाज दुसऱ्या बॉक्समध्ये गेला असता तर दोष अँपचा किंवा गाणं येतं तिथला, पण तो त्याच बॉक्समध्ये राहिला म्हणजे बॉक्सच. जाळी काढली, मीटर लावला, 6.4 ओहम. मला वाटलं 8 लिहिलंय आणि कमी दाखवतोय म्हणजे जळला, तर नाही, 8 ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण सहा-सात दाखवतो, कॉइल (आतली तारेची गुंडाळी) तुटली असती तर मीटर काहीच दाखवत नाही. मग दोन्ही हातांची बोटं वूफरच्या कोनवर, म्हणजे पुढच्या हलणाऱ्या भोंग्यावर, समोरासमोर ठेवून अगदी हळू, सरळ आत दाबलं आणि कान जवळ नेला. कॉइल मॅग्नेटला घासत असेल तर तिथे बारीक खस्स ऐकू येतं. मला पण ऐकवलं. कोन मधोमध होता तेव्हा काही नाही, एका बाजूला किंचित कलला की खस्स.

कारण कडेला होतं. कोनभोवतीचा फोमचा गोल पट्टा, त्याला काकांनी नखाने टोचलं तर भुगा होऊन खाली पडला. हा फोम वाजवा नाहीतर बंद ठेवा, दमट हवेने आणि वयाने सडतोच, रबराचा पट्टा असेल तर तो बराच टिकतो. पट्टा गेला की कोनला मध्ये धरून ठेवणारं अर्धं माणूसबळ गेलं, मोठ्या बेसला तो तिरका हलतो आणि घासतो. वूफर "गेला" नव्हता, त्याची झालर गेली होती! नवीन फोम मुंबईहून, लॅमिंग्टन रोडवरून मागवावा लागला त्यामुळे थांबावं लागलं. चिकटवताना कोन मधोमध बसावा म्हणून गोंद ओला असताना खालचा 30 हर्ट्झचा टोन हळू वाजत ठेवतात आणि घासल्याचा आवाज येत नाही ना बघत बसतात, हे मी उभं राहून पाहिलं.

शेवटी पेन्सिल सेल घेतला, दीड व्होल्टचा, सेलचा प्लस बॉक्सच्या प्लसला धरून मागच्या दोन टोकांना क्षणभर टेकवला. टक. कोन बाहेर आला. दुसऱ्या बॉक्सला तसाच टेकवला, टक, आत गेला. म्हणजे आधी कोणीतरी एका बॉक्समध्ये प्लस-मायनस उलटं जोडलं होतं, एक बाहेर ढकलतो तेव्हा दुसरा आत ओढतो आणि बेस एकमेकाला खातो. इतकी वर्षं आम्ही या सेटला बेसच नाही म्हणत होतो.

बटणाची खरखर किरकोळ निघाली, आतल्या कार्बनच्या पट्टीवर धूळ, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पंचवीस-तीसदा फिरवलं. घरातला गंज काढायचा स्प्रे मारू नका, नंतर चिकटा होऊन जास्त त्रास देतो.

टेस्टिंगला काका नाशिक ढोलची एक रेकॉर्डिंग लावतात, बेसचं बटण सरळ ठेवून. मी सवयीने ते फुल करायला गेलो तर हात धरला. बेस 10 डीबीने (डेसिबल, आवाजाचं माप) वाढवला की अँपकडे दहापट पॉवर मागितली जाते, 5 वॉटच्या जागी 50, आणि 40 वॉटच्या अँपकडे ती नसते, मग तो लाटेचं डोकं छाटतो आणि त्यातून जास्तीचे बारीक आवाज तयार होऊन ट्वीटरवर (बारीक आवाजाचा छोटा स्पीकर) जातात. मंडळांचे ट्वीटर जळतात ते बऱ्याचदा असेच, छोटा अँप पिळून.

घरी आल्यावर एक बर्र परत आली, माझा जीव खाली-वर. मोबाईल अँपला जोडून टोन 20 ते 200 हर्ट्झ हळूहळू सरकवत नेला, 70 च्या आसपास आवाज पकडला, आणि तो येत होता शोकेसमधल्या पितळी समईतून. खाली रुमाल टाकला.

आता एक स्टार. बिल मिळत नाही, फोन उचलत नाहीत, "उद्या या" ही त्यांची आवडती ओळ. पार्किंगचं बोलायलाच नको, बॉक्स घेऊन कारने जाऊच नका, रिक्षा करा. आणि जाड तांब्याच्या महाग वायरीचा आग्रह करतात, त्याने आवाज खुलतो म्हणे, मला तीन मीटरच्या वायरीत काडीचा फरक ऐकू आला नाही, मी नाही घेतली आणि ते रागावले पण नाहीत. चेकिंगचे 200 घेतात, काम केलं तर त्यातूनच वळते करतात. दोन्ही वूफरचा फोम, मजुरी धरून 1800 झाले. उजव्याचा पट्टा अजून धड होता, पण दोन्ही एकाच वयाचे म्हणून दोन्ही केले, ते मला पटलं.

जाताना ज्या गाण्यावर खरखर येते ते गाणं पेनड्राईव्हमध्ये चांगल्या क्वालिटीत न्या. व्हॉट्सअॅपवर दहा ठिकाणी फिरून आलेलं नेलंत तर ते गाणंच फाटलेलं असू शकतं, आणि ब्लूटूथवर तपासायला काका सरळ नाही म्हणतात.