दहा हजार गेम्सची स्टिक, पहिल्या पानापुरती खरी

इन्स्टाग्रामवर सध्या एक जाहिरात सारखी पुढ्यात येते. भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर कॉन्ट्रा चाललाय, सोफ्यावर बाप-लेक खिदळतायत, आणि खाली पट्टी: 'फोर-के गेम स्टिक, ६४ जीबी, १०,०००+ गेम्स, दोन वायरलेस रिमोट. ७,९९९ ऐवजी फक्त २,४९९. कॅश ऑन डिलिव्हरी.' नव्वदच्या दशकात मे महिन्याच्या सुट्टीत कॅसेटला फुंकर मारत वाढलेल्या पिढीसाठी हा गळ अगदी मापात बेतलाय. स्टिक म्हणजे टीव्हीला खोचायची, जुने व्हिडिओ गेम भरलेली छोटी कांडी. मी ती मागवली आणि पैसे गेले. पण यातली लबाडी नीट सांगायला हवी, कारण ही स्टिक बंद पडत नाही. चालते. चालते म्हणूनच माणूस परत करत नाही, आणि परत करायचे सात दिवस निघून जातात.

यादीच्या पहिल्या पानावर मारिओ, कॉन्ट्रा, पॅकमॅन, बॉम्बरमॅन. नवीन खेळणं हातात आल्यावर तुम्ही-आम्ही पहिल्यांदा काय लावणार? हेच. ते धडाधड सुरू होतात, घरात आरडाओरडा होतो, खोकं कचऱ्यात जातं. पहिली शंका घेतली ती भाच्याने. "मामा, हा मारिओ एवढा जाडा का दिसतोय?"

पोराचं बरोबर होतं. मारिओ ज्यावर चालायचा त्या निन्टेन्डो कंपनीच्या तेव्हाच्या यंत्राचं चित्र २५६ बाय २४० ठिपक्यांचं, जवळजवळ चौकोनी पडद्याच्या टीव्हीसाठी केलेलं. आजचा टीव्ही आडवा. चांगलं उपकरण दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या सोडून चित्राचं मूळ प्रमाण राखतं. ही स्टिक ते सरळ ताणते, आणि सेटिंगमध्ये ते बदलायची सोयच नाही. टीव्हीच्या रिमोटवरचं माहितीचं बटण दाबलं तर येणारा सिग्नल दिसला ७२०पी, म्हणजे उभे ७२० ठिपके. गंमत म्हणजे २४० ची तिप्पट बरोबर ७२० आणि नऊपट २१६०, म्हणजे फोर-के. प्रत्येक ठिपका तिप्पट केला किंवा नऊपट, दोन्हीकडे तो रेखीव दिसू शकतो. त्यामुळे '७२०पी' असं खरं छापलं असतं तरी काही बिघडलं नसतं. पण खोक्यावरच्या 'फोर-के'चा अर्थ एवढाच की ही स्टिक फोर-के टीव्हीच्या भोकात बसते!

आता दहा हजारांचं बघू. यादीत खाली गेलं की कॉन्ट्रा पुन्हा भेटतो. मग 'कॉन्ट्रा ३० लाइफ'. मग तिसऱ्या लेव्हलपासून सुरू होणारा, मग स्प्रेड गन (एका दाबात चहूकडे गोळ्या उडवणारी बंदूक) घेऊनच जन्मलेला. '९९९९९९९ इन १'च्या कॅसेटमध्ये लहानपणी हेच व्हायचं, तेव्हा त्याचा राग नाही आला. तेवढ्यापुरतं सोडून दिलं असतं. खरा घोटाळा स्टिकमधल्या मेमरी कार्डात आहे, ज्यावर हे गेम भरलेले असतात.

मारिओचा आख्खा गेम ४० केबीचा. व्हॉट्सॲपवर येणारा शुभ सकाळचा फोटोसुद्धा त्याहून जड असतो. कॉन्ट्रा १२८ केबी. असे हजारो गेम दोन-चार जीबीत आरामात मावतात. उलट प्लेस्टेशन या सोनीच्या नंतरच्या यंत्राचा गेम सीडीवरचा, एकेक कित्येकशे एमबीचा. आमच्या स्टिकमध्ये प्लेस्टेशनच्या यादीतली पहिली काही नावं सुरू व्हायची, पुढे मात्र नाव निवडलं की काळा पडदा. काही सुरू होऊन मध्येच अडकायचे. खेळ सेव्ह केला तर दुसऱ्या दिवशी तो गायब.

कार्ड काढून लॅपटॉपला लावलं. काळं, कंपनीचं नाव नसलेलं मायक्रो एसडी, वर पांढऱ्या अक्षरांत ६४ जीबी. विंडोजही ६४च्या आसपासच दाखवतं, कारण कार्डाचा कारभार बघणाऱ्या आतल्या चिपलाच खोटं बोलायला शिकवलेलं असतं. एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे (लिनक्स-मॅकवाल्यांसाठी एफथ्री). ते कार्ड पूर्ण भरून लिहितं आणि लिहिलेलं परत वाचून पडताळतं. रात्रभर लावून ठेवलं. सकाळी निकाल: खरी जागा आठ जीबीच्याही आत, बाकी सगळी हवा. त्यापुढे जे लिहिलं जातं ते हरवतं, नाहीतर आधीच्यावरच जाऊन बसतं. म्हणजे लहान गेम धडधाकट, मोठे मेलेले. ज्याने हा माल भरला त्याला पक्कं ठाऊक आहे की गिऱ्हाईक पहिल्या आठवड्यात लहानच खेळणार.

स्टिकबरोबर आलेल्या वायरलेस रिमोटचं वेगळंच. बटण दाबल्यावर मारिओ उडी मारायला उशीर करतो आणि खड्ड्यात जातो. दुकानदाराला व्हॉट्सॲप केलं, तर उत्तर आलं, "सर, टीवी का गेम मोड ऑन कीजिए, प्रॉब्लेम टीवी में है." हे अर्धं खरं आहे, म्हणून जास्त घातक. आजचे टीव्ही चित्र सजवण्यात वेळ घालवतात, गेम मोडने तो वाचतो. मोड लावला, फरक पडला, पण उडी उशिराच. मग त्याच टीव्हीला, त्याच मोडमध्ये लॅपटॉप जोडून वायरचा साधा यूएसबी गेमपॅड लावला. उडी बोटाखाली! म्हणजे टीव्ही निर्दोष. हे व्हिडिओ काढून पाठवलं, तर उत्तर आलं की खोकं उघडतानाचा व्हिडिओ पाठवा. तोही पाठवला. मग 'टेक्निकल टीम' बघते आहे. सातवा दिवस उलटला आणि दुसऱ्याच सकाळी प्रस्ताव आला, ४०० रुपये घ्या आणि विषय मिटवा.

नाशिकच्या मावसभावाने तर याच लोकांचा बंदूकवाला कॉम्बो घेतला. जाहिरातीत चपट्या टीव्हीवर बदकं टपाटप पडतात. त्या जुन्या पद्धतीच्या बंदुकीत फक्त उजेड ओळखणारा सेन्सर असतो. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो, आणि तो ठराविक क्षणी दिसला तरच नेम लागला असं धरतात. हे गणित जुन्या डबा टीव्हीच्या चमकण्यावर बांधलेलं. एलसीडीवर चित्र उशिरा येतं, बंदुकीला काहीच दिसत नाही. वहिनींनी ती बंदूक शेजारच्या मुलाला देऊन टाकली. जाहिरातीतली बदकं कुणी मारली देव जाणे.

तेव्हा स्टिक आलीच घरात, तर पहिल्याच दिवशी यादीच्या शेवटाकडचे प्लेस्टेशनचे गेम लावा, एक सेव्ह करून स्टिक बंद-चालू करा, टीव्हीवर सिग्नल बघा, आणि त्याच रात्री कार्ड तपासायला टाका. तपासणीत कार्डावरचं पुसलं जाऊ शकतं, आधी कॉपी काढा. नाहीतर दुकानदार म्हणेल, तुम्हीच बिघडवलं. या स्टिकवरचे गेम कोनामी (कॉन्ट्राची कंपनी) किंवा निन्टेन्डोच्या परवानगीने आलेले नसतात हेही आहेच. नुसता कॉन्ट्रा हवा असेल तर कोनामीने २०१९ मध्ये काढलेला जुन्या कॉन्ट्रांचा संच स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानात रीतसर मिळतो आणि साध्या लॅपटॉपवर चालतो.

मी ४०० नाकारले आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवली. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिनाभरात व्हायला हवं. आमच्या बाबतीत दुकानदाराच्या इन्स्टाग्राम पानाचं नाव बदललं, व्हॉट्सॲप नंबर बंद झाला. पानावर पत्ता कधी नव्हताच. कुरिअरच्या लेबलवर एका गोदामाचा पत्ता होता, तोच तक्रारीत घालता आला. खोकं फेकायचं तर फेका, ते लेबल मात्र फाडून ठेवा.