काळा-लाकडी बाथरूम सेट: नागपूरच्या पाण्यात कसा टिकतो?

मॅट काळा टॉवेल रॉड, दोन हुक, साबणदाणी आणि लाकडी फळी असा सेट चार बाय सहा फुटांच्या बाथरूममध्ये खरंच उठून दिसतो. फळी मात्र १२ सेंटिमीटरपेक्षा रुंद घेऊ नका, आंघोळ करताना कोपर आपटतं.

घेताना चुंबक लावून पाहा. घट्ट चिकटलं तर ते ३०४ स्टील (सहसा न गंजणारं स्टेनलेस स्टील) नाही. रंग पावडर कोटिंगचाच (भुकटी लावून भट्टीत पक्का केलेला) हवा. साध्या स्प्रेचा रंग स्क्रूच्या भोकापाशी आधी सुटतो आणि तिथूनच गंज धरतो.

खरी अडचण बोअरच्या जड पाण्याची. थेंब वाळला की काळ्यावर पांढरा डाग पक्का दिसतो. आंघोळीनंतर कोरडं फडकं फिरवा, बस. टॉयलेटचं अ‍ॅसिड चुकूनही नको, कोटिंगच उडतं.

सेटसोबत येणारी एमडीएफची (लाकडाचा भुसा दाबून केलेली) फळी पावसाळ्यात कडेने फुगते. त्यापेक्षा सागवानाची पट्टी कापून घ्या, सी.पी. टीकच्या (जुन्या मध्य प्रांतातल्या सागाच्या) गावात ती मिळायला अडचण नाही. दुकानात तयार मिळणाऱ्या 'बॉइल्ड' जवसाच्या तेलाचे दोन पातळ हात द्या, मध्ये एक दिवस वाळू द्या. मागची बाजू आणि कापलेली टोकंही सोडू नका, पाणी तिथूनच शिरतं. तेलाचं फडकं चुरगाळून ठेवू नका, ते आपोआप पेटू शकतं, पसरून वाळवा.

टाइलवर मास्किंग टेप लावून, ड्रिलचा हॅमर मोड बंद ठेवून ६ मिमीचं भोक पाडा. सेटसोबत येणाऱ्या चिकटपट्टीच्या भरवशावर ओला टॉवेल टांगू नका.