पोलिश शून्यापासून: क्राकुफचा उन्हाळा की वूचचं वर्ष?

पोलंडमधल्या क्राकुफ शहरातल्या यागिएलोनियन विद्यापीठात (स्थापना 1364) जुलै-ऑगस्टमध्ये पोलिश भाषेचे काही आठवड्यांचे उन्हाळी वर्ग असतात. पोलंडच्याच वूच (Łódź) शहरातल्या विद्यापीठाचं परदेशी विद्यार्थ्यांसाठीचं भाषाकेंद्र 1952 पासून चालू आहे. तिथला पूर्वतयारी अभ्यासक्रम वर्षभराचा. पुढे पदवीच पोलिशमधून करायची असेल त्यांच्यासाठी.

उन्हाळ्यात उच्चार जमतात, दुकानात निभावतं. पण क्राकुफ पर्यटकांचं शहर. तुम्ही अडखळलात की समोरचा लगेच इंग्रजीवर येतो. खरी पंचाईत विभक्तीची. सात विभक्ती ऐकून मराठी माणूस घाबरत नाही, आपल्या आठ आहेत! पण कॉफीच घ्या: एक मागवली तर ‘कावे’, दोन असतील तर ‘द्व्ये कावी’ आणि पाच झाल्या की ‘प्येंच काफ’. आकडा बदलला की शेपूट बदलतं. हे पाठ करून भागत नाही, रोज कानावर पडावं लागतं. त्याला वर्षच हवं.

खर्च, व्हिसा, गृहपाठ, सगळंच वूचला जास्त. थंडीही सोसावी लागते. नुसती हौस असेल तर क्राकुफ झकास. पदवी घ्यायची असेल तर मी डोळे झाकून वूच म्हणेन, आणि जमलं तर आधीचा उन्हाळा क्राकुफला.