आरोग्य सेवांवरील लोकाधारित देखरेख : लहान मुलांच्या औषधांपुरता आढावा

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाअंतर्गत २००७ साली महाराष्ट्रात अमरावती, नंदुरबार, पुणे, ठाणे आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या पाच जिल्ह्यांत आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. गाव, प्राथमिक आरोग्य केंद्र, तालुका, जिल्हा अशा पातळ्यांवर समित्या बसवायच्या, गावकऱ्यांनीच सेवांची माहिती गोळा करायची, हिरवा, पिवळा, लाल अशा रंगांत रिपोर्ट कार्ड भरायचे आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ते वाचून दाखवायचे, अशी तिची रचना आहे. राज्य पातळीवर तिचा समन्वय पुण्याच्या ‘साथी’ संस्थेने केला. सातपुड्याच्या पट्ट्यातील एका समितीवर काम केल्यामुळे ही प्रक्रिया मला आतून पाहता आली. बालकांना मिळणाऱ्या औषधांच्या बाबतीत ती कितपत उपयोगी पडते, एवढ्याच प्रश्नापुरता हा अभिप्राय आहे.

आधी तिचे मोठे बळ सांगितले पाहिजे. डॉक्टर मुक्कामी राहतात का, नर्सताई ठरलेल्या दिवशी लसीकरणाला येतात का, बाळंतपणासाठी पैसे मागितले जातात का, हे प्रश्न जनसुनवाईत उघडपणे विचारले गेले की उत्तर द्यावेच लागते. एरवी केंद्राच्या पायरीवर दबकत उभ्या राहणाऱ्या बाया माईक हातात घेऊन वैद्यकीय अधिकाऱ्याला तारखेसह जाब विचारतात, हे मी पाहिले आहे. शासनाच्या दुसऱ्या कोणत्याही तपासणीत त्यांना ही जागा मिळत नाही. माणसांच्या वागणुकीशी निगडित तक्रारी या मार्गाने खरोखर सुटतात.

औषधांच्या बाबतीत मात्र ही प्रक्रिया अपुरी पडते, कारण रिपोर्ट कार्डावरचा प्रश्न बहुधा ‘औषधे मिळतात का’ एवढाच राहतो आणि त्याचे उत्तर समिती ज्या दिवशी जाते त्या दिवसापुरतेच खरे असते. एका केंद्रात यादीतील ‘अमॉक्सिसिलिन’ या प्रतिजैविकापुढे ‘उपलब्ध’ अशी खूण होती. औषध निर्माण अधिकाऱ्यांनी कपाट उघडून दाखवले तेव्हा आत मोठ्या माणसांच्या ५०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल रचलेल्या होत्या; बालकांसाठीच्या २५० मिलिग्रॅमच्या, पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्यांचा खण रिकामा होता आणि सिरपही नव्हते. छातीत घरघर होणाऱ्या वर्षभराच्या लेकराच्या आईला कॅप्सूल फोडून थोडी भुकटी पाण्यातून पाजायला सांगितले जात होते. ‘थोडी’ म्हणजे किती, हे तिने अंदाजानेच ठरवायचे. न्यूमोनियाच्या औषधाची मात्रा अशी अंदाजावर सोडणे मला अक्षम्य वाटते, आणि अशा केंद्राला रिपोर्ट कार्डावर हिरवा रंग मिळतो, हा या पद्धतीतला गंभीर दोष आहे.

जुलाबाच्या औषधांचे दुखणे वेगळे आहे. क्षारसंजीवनीची (ओआरएस) पाकिटे आणि झिंकच्या गोळ्या केंद्राच्या भांडारात सहसा असतात. पण पावसाळ्यात नाल्याला पूर आला की पाड्यावरचे मूल केंद्रापर्यंत पोहोचत नाही, आणि त्या वेळी उपयोगी पडतो तो आशाताईंच्या पिशवीतला साठा. ती पिशवी महिनोन्‌महिने भरली गेलेली नसली, तरी तपासणी केंद्राच्या कपाटाशीच संपते. झिंक तर १४ दिवस द्यायचे असते, सहा महिन्यांवरील बालकाला रोज २० मिलिग्रॅम आणि दोन ते सहा महिन्यांच्या बालकाला १० मिलिग्रॅम. चार-पाच गोळ्या देऊन बोळवण केली, तरी कागदावर ‘झिंक दिले’ अशीच नोंद होते. किती गोळ्या हातात पडल्या, हे फक्त आईलाच विचारून कळते, आणि घरोघरी जाणारी ही देखरेखच ते विचारू शकते. मग हा प्रश्न रिपोर्ट कार्डाच्या नमुन्यात का नाही?

अमॉक्सिसिलिनचा खण रिकामा असलेल्या त्याच केंद्रात लसींची व्यवस्था मात्र नेटकी होती. लसी ठेवण्याच्या खास फ्रिजचे, म्हणजे आइस लाइन्ड रेफ्रिजरेटरचे, तापमान २ ते ८ अंशांत ठेवलेले, त्याच्या दोन वेळच्या नोंदी केलेल्या, कुपीवरचा व्हीव्हीएम, म्हणजे उष्णतेने लस बिघडली का हे रंगावरून दाखवणारी खूण, तपासूनच लस दिली जात होती आणि ईविन या लससाठ्याच्या ऑनलाइन नोंदप्रणालीमुळे साठ्यावर वरूनही नजर होती. नजर नेमकी असली तर तेच कर्मचारी चोख काम करतात, हे यावरून स्पष्ट होते.

आणखी एक अडचण अशी की जनसुनवाईत समोर बसलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्याच्या हातात खरेदी नसते. त्याने मागणीपत्र पाठवलेले असते, जिल्हा भांडारातून निम्मेच आलेले असते, आणि खरेदीचा निर्णय मुंबईत होतो. २०१७ पासून ती खरेदी हाफकिन या राज्य सरकारच्या औषध महामंडळामार्फत होऊ लागली आणि २०२३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण कायद्याने आले. यंत्रणा बदलली, तरी तुटवड्याचा जाब विचारण्यासाठी गावकऱ्यांच्या समोर आजही तोच तरुण डॉक्टर उभा केला जातो. हे त्याच्यावरही अन्यायाचे आहे आणि तक्रार करणाऱ्या आईवरही. जिल्हा भांडाराचा जबाबदार अधिकारी साठ्याच्या नोंदींसह हजर नसेल, तर औषधांवरची सुनावणी घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तरीही ही प्रक्रिया जिथे चालू आहे तिथल्या गावांनी तिचा वापर करावा, असेच मी सांगेन. मात्र औषधांची पाहणी मे महिन्यात, पावसाळ्याआधी करावी. साठा नोंदवही मागून घ्यावी आणि बालकांच्या प्रत्येक औषधापुढे शिल्लक किती, मुदत कधी संपते आणि गेल्या तीन महिन्यांत ते किती दिवस शून्यावर होते, हे स्वतःच्या वहीत उतरवून घ्यावे. नंतर किमान दोन आशाताईंच्या पिशव्या उघडून पाहाव्यात आणि रिपोर्ट कार्डावरचा रंग त्यानंतरच भरावा.