पिकअप सीएनजी घ्यावा का डिझेल?
दादा, ब्रोशरमधलं अॅव्हरेज सोडा, माल भरल्यावर किलोमीटरला किती पडतं ते काढा. तिथं सीएनजी स्वस्त, पण पंपावर रांग, आणि गॅसच्या टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबानं तपासणी) दर 3 वर्षांनी करावीच लागते. कात्रजचा घाट भरल्या गाडीनं चढायचा तर डिझेलच, खालच्या गिअरला जी ओढ मिळते ती सीएनजीला नाही. पण बीएस 6 (नव्या प्रदूषण नियमाच्या) डिझेलला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो, नुसतं मार्केटयार्ड ते स्वारगेट रडतखडत पळवली की त्यात काजळी साचते, डॅशबोर्डवर दिवा लागतो, मग काजळी जळायला गाडी हायवेला ताणावी लागते नाहीतर वर्कशॉपचा खर्च. शहरातच भाजी, किराणा टाकायचाय तर डोळे झाकून सीएनजी. साताऱ्याकडं जड माल असेल तर डिझेल.