बॉनेटवरचे टवके, बनावट फिल्म आणि आतून वाढलेला गंज

मी अंबाजोगाईला राहतो आणि नोकरीसाठी आठवड्यातून पाच दिवस रेणापूरमार्गे लातूरला जातो. जाऊन-येऊन शंभराहून अधिक किलोमीटरच्या या प्रवासात खडीने भरलेले हायवा, ताडपत्री न टाकता धावणारे टिप्पर आणि गळिताच्या हंगामात उसाने लादलेले ट्रॅक्टर रोजच पुढे असतात. आपल्याकडची खडी काळ्या पाषाणाची, कठीण आणि धारदार कडांची असते. तिचा हरभऱ्याएवढा कण जरी पुढच्या वाहनाच्या चाकाखालून उडून बॉनेटवर आदळला, तरी रंगाचा टवका उडतो. २०२३ च्या सुरुवातीला घेतलेल्या माझ्या गडद निळ्या गाडीच्या बॉनेटवर वर्षभरात असे ११ टवके पडले होते. त्यांपैकी आठांमध्ये रंगाखालचे करडे अस्तर (प्रायमर) दिसत होते, तर तिघांमध्ये पत्र्याची चकाकी दिसत होती. हा फरक किती महत्त्वाचा आहे, हे मला तेव्हा कळले नाही आणि पुढचे सारे नुकसान त्या अज्ञानातूनच झाले.

फेब्रुवारी २०२४ मध्ये मी लातूरमधील एका दुकानात गेलो. गाड्यांना सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावरचा पातळ चकचकीत थर, आणि रंगावर चिकटवायची पारदर्शक संरक्षक फिल्म लावून देण्याचा त्यांचा व्यवसाय होता. तेथील तरुण चालकाने एका जुन्या बॉनेटवर लायटरची ज्योत धरून दाखवली, मार्करने रेघ ओढून ती कापडाने पुसून दाखवली आणि मग पाणी ओतून त्याचे मोत्यासारखे थेंब कसे घरंगळतात तेही दाखवले. "सर, हे कोटिंग नाइन एच आहे, म्हणजे काचेसारखं कडक. त्यात समोर फिल्म टाकली की खडी काय, गोटा आपटला तरी रंगाला धक्का लागत नाही. पाच वर्षं गाडीकडं बघायचंच नाही," असे तो म्हणाला. आधीच पडलेल्या टवक्यांचे काय करणार, असे मी विचारले तेव्हा त्याने उत्तर दिले, "ते आम्ही टचअप करून घेतो, सर. त्याचे वेगळे पैसे नाहीत."

बॉनेट, पुढचा बंपर आणि दोन्ही फेंडरवर २०० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीची टीपीयू, म्हणजे रबरासारख्या लवचिक प्लॅस्टिकची फिल्म आणि उरलेल्या गाडीला सिरॅमिक कोटिंग, असा एकूण ४२,००० रुपयांचा व्यवहार ठरला. जीएसटीचे पक्के बिल हवे असेल तर १८ टक्के वेगळे द्यावे लागतील, असे सांगितल्यावर मी साध्या कागदावरची पावती स्वीकारली. ही माझी चूक मी येथे स्पष्टपणे नोंदवतो, कारण पुढे तक्रार करताना तिने मला सर्वांत जास्त अडवले. गाडी सकाळी दहाला दिली आणि संध्याकाळी सहाला परत मिळाली. ती आरशासारखी चमकत होती, बोटाने चाचपडूनही टवके लागत नव्हते आणि सोबत एक देखणे वॉरंटी कार्ड होते, ज्यावर फिल्मच्या रोलचा क्रमांक छापलेला होता.

एका दिवसात हे काम होऊच शकत नाही, एवढे जरी मला ठाऊक असते तरी मी तेथेच थांबलो असतो. टवक्यात भरलेला रंग वरून तासाभरात कोरडा वाटला, तरी आतून पक्का व्हायला त्याला दिवस लागतात, आणि तोवर त्यावर फिल्म चिकटवणे म्हणजे ओला रंग झाकून ठेवणे होय. शिवाय फिल्म बसवताना ती सरकवता यावी म्हणून खाली साबणाचे पाणी फवारतात. पत्रा उघडा पडलेल्या टवक्यात ते पाणी शिरले आणि वरून फिल्म बसली, तर गंजाला लागणारे सर्व साहित्य आपणच आत कोंडलेले असते.

पावसाळा संपल्यावर दसऱ्यासाठी गाडी धुताना मला फिल्मखाली तीन ठिकाणी फुगवटे दिसले. फिल्मच्या कडा पिवळसर झाल्या होत्या आणि बंपरजवळ ती कडक होऊन उलू लागली होती. दुकानदाराला फोन केला तर त्याने पाण्याच्या दर्जाला दोष दिला. बोअरच्या पाण्याने गाडी धुतल्यामुळे असे झाले आणि ते वॉरंटीत बसत नाही, हे त्याचे म्हणणे होते. क्षारयुक्त पाण्याने वरून पांढरे डाग पडतात हे खरे आहे, परंतु त्यामुळे फिल्मच्या खाली गंज फुगत नाही. कार्डावरचा रोल क्रमांक मी त्या कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून पाहिला, तेव्हा अशा क्रमांकाची नोंदच नसल्याचे उत्तर आले.

जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीचा व्यवसाय करणाऱ्या माझ्या एका स्नेह्यांकडे रंगाची जाडी मोजण्याचे छोटे यंत्र आहे. पत्र्यावर टेकवले की वरच्या थराची जाडी मायक्रॉनमध्ये दाखवते. कारखान्यातून आलेल्या गाडीवर अस्तरांपासून वरच्या पारदर्शक थरापर्यंत सगळे मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन जाडी असते, म्हणजे ज्या आवरणाच्या भरवशावर आपण खडीच्या रस्त्यावर गाडी चालवतो ते जेमतेम एखाद्या जाड कागदाएवढे असते. माझ्या गाडीच्या टपावर ११५ च्या आसपास आकडा आला. बॉनेटवर फिल्मसह तो २०५ आला. म्हणजे २०० मायक्रॉनची म्हणून विकलेली फिल्म प्रत्यक्षात ९० च्या आसपास होती. फुगवट्यांशेजारी मात्र आकडा ४०० च्या पुढे गेला. टवक्यांमध्ये रंग नव्हे, तर डेंटिंगवाले खड्डे बुजवायला वापरतात ती लांबी (पुट्टी) भरून, घासून, वरून निळा हात फिरवलेला होता.

फिल्म काढण्यासाठी मी गाडी आमच्या गावातील एका जुन्या पेंटरकडे नेली. त्यांना सगळे चाचा म्हणतात आणि त्यांची चाळीस वर्षे याच कामात गेली आहेत. चांगली फिल्म थोडी गरम करून सावकाश ओढली की अखंड निघते. ही मात्र तुकड्या-तुकड्यांनी फाटत गेली आणि तिचा गोंद पत्र्यावर राहिला. तीन फुगवट्यांच्या जागी तर फिल्मसोबत लांबी आणि रंग दोन्ही उचकटून आले आणि खाली रुपयाच्या नाण्याएवढा तांबूस गंज दिसला. फेब्रुवारीत तेथे मोहरीच्या दाण्याएवढे टवके होते. "सर, जखम धुतलीच नाही आणि वरून पट्टी बांधली हो ह्यांनी," असे चाचा म्हणाले.

संपूर्ण बॉनेट नव्याने रंगवून द्या, असा माझा आग्रह होता, पण त्यांनी तो मानला नाही, आणि आपले उत्पन्न बुडवून दिलेल्या त्या सल्ल्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. कारखान्यात रंग सुमारे १४० अंश सेल्सिअसला भट्टीत भाजलेला असतो. गावातल्या गॅरेजमध्ये त्या पक्केपणाची बरोबरी होत नाही, म्हणून जेवढा मूळ रंग वाचवता येईल तेवढा वाचवावा, असे त्यांचे मत होते. गंजाच्या तीन जागा त्यांनी स्वतः केल्या. उरलेले आठ टवके लांबी खरवडून घरी कसे भरायचे, ते त्यांनी मला शिकवले. तीच रीत मी येथे सविस्तर लिहितो, कारण ४२,००० रुपयांना जे काम बिघडले, ते १,१०० रुपयांच्या साहित्यात मी घरी नीट करू शकलो.

प्रथम रंगाचा नेमका सांकेतिक क्रमांक शोधावा लागतो. तो बहुतेक गाड्यांत दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखाली चिकटवलेल्या पट्टीवर असतो. 'निळा' एवढ्यावर दुकानातून बाटली आणू नये, कारण एकाच कंपनीचे तीन-चार निळे असतात. त्या क्रमांकाची टचअपची बाटली, अस्तराची छोटी बाटली, पारदर्शक थराची बाटली, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि २००० व ३००० नंबरचे वॉटर पेपर (पाण्यात भिजवून वापरायचे बारीक पॉलिश पेपर) एवढे साहित्य पुरते. काम सकाळी सावलीत करावे. आपल्याकडे मार्चनंतर दुपारी बॉनेटवर हात ठेववत नाही आणि तापलेल्या पत्र्यावर रंग पसरण्याआधीच वाळतो. पावसाळी दमट हवेतही हे काम टाळावे.

गाडी धुऊन पूर्ण वाळल्यावर टवक्याची जागा अल्कोहोलने पुसायची, म्हणजे मेण आणि तेलकटपणा निघतो. मग लाकडी दातकोरणीच्या टोकाने टवक्याच्या कडेचा सुटलेला रंग काढायचा. सुटू पाहणारी कड तशीच ठेवून वर रंग भरला, तर पुढच्या खड्यासरशी नवा रंगही जातो. तळाशी तांबूस ठिपका दिसला तर पेन्सिलीच्या टोकाला वॉटर पेपरचा बारीक तुकडा चिकटवून तो चमकदार पत्रा दिसेपर्यंत घासावा लागतो. अगदी खोलगट जागी गंज उरलाच तर फॉस्फोरिक आम्लाचे गंजरोधक द्रावण थेंबभर लावून, ते सांगितले असेल तितका वेळ ठेवून, पुसून घ्यावे. अस्तर केवळ उघड्या पत्र्यावर लागते. जिथे करडे मूळ अस्तर शाबूत आहे तिथे थेट रंग चालतो. बंपर प्लॅस्टिकचा असल्याने तिथे गंजाची भीती नसते, त्यामुळे वेळ कमी असेल तर बंपर मागे ठेवून बॉनेट आधी हाती घ्यावे.

रंगाची बाटली दोन मिनिटे चांगली हलवावी, विशेषतः चकाकीचा रंग असेल तर, कारण त्यातील धातूचे कण तळाशी बसतात. झाकणातला ब्रश अशा बारीक कामासाठी फार जाड असतो. दातकोरणीच्या टोकावर रंगाचा थेंब घेऊन तो टवक्याच्या मधोमध टेकवायचा आणि त्याला आपोआप पसरू द्यायचे. एकाच वेळी टवका भरून टाकण्याचा मोह आवरावा, कारण जाड थर वाळताना मध्ये खचतो. पातळ तीन-चार थर, प्रत्येक दोन थरांत तासभर अंतर, आणि शेवटी पारदर्शक थर किंचित उंच राहील एवढा. त्यानंतर आठवडाभर त्याला हात लावायचा नाही. मग साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या २००० च्या पेपरने, बोटाने नव्हे तर रबराच्या लहान तुकड्यावर गुंडाळून, फक्त तो उंचवटा हलक्या हाताने समतल करायचा, ३००० ने गुळगुळीत करायचा आणि पॉलिशने चकाकी आणायची. येथे घाई केली तर शेजारचा मूळ पारदर्शक थर, जो ३५ ते ५० मायक्रॉनच असतो, निष्कारण झिजतो. मला पहिल्या दोन टवक्यांना संध्याकाळ लागली. पुढचे सहा एका रविवारी झाले. अगदी जवळून पाहिले तर ठिपके ओळखू येतात, पण गेल्या पावसाळ्यात त्यांपैकी एकही फुगला नाही.

ज्या शब्दांनी मला भुलवले त्यांचाही खुलासा केला पाहिजे. 'नाइन एच' हे परिमाण पेन्सिलीने ओरखडा काढण्याच्या चाचणीतले आहे, खड्याचा आघात सोसण्याचे नाही. सिरॅमिक कोटिंगचा थर काही मायक्रॉनचा असतो. त्याने चकाकी टिकते, पाणी आणि चिखल लवकर निघतो, पक्ष्यांच्या विष्ठेने डाग पडायला वेळ लागतो, परंतु टवका उडण्यापासून तो वाचवत नाही. आघात झेलण्यासाठी जाडी आणि लवचिकपणा दोन्ही लागतात आणि ते टीपीयूच्या १५० ते २०० मायक्रॉन जाडीच्या फिल्ममध्येच मिळतात. स्वस्त पीव्हीसीची फिल्म दिसायला तशीच असली तरी उन्हात पिवळी पडून कडक होते. दुकानात कापलेला एक तुकडा मागून घ्यावा आणि तो ताणून पाहावा. टीपीयू सोडल्यावर बरेचसे मूळ आकारात येते, पीव्हीसी ताणलेलेच राहते. त्यावर हलका ओरखडा काढून गरम पाणी टाकावे. चांगल्या टीपीयू फिल्मवरचा बारीक ओरखडा भरून येतो. रोलचा क्रमांक पैसे देण्यापूर्वी तपासावा, आणि टवके भरून किमान आठवडा लोटल्याशिवाय फिल्म लावायला कोणी तयार झाला तर त्याच्याकडून गाडी परत घ्यावी.

आता मी हायवाच्या मागे राहण्याऐवजी लांब अंतर ठेवतो. ताशी ६० ऐवजी ९० च्या वेगाने त्याच खड्यावर गाडी आदळली, तर आघाताची ऊर्जा सव्वादोन पट होते, हे गणित मी रोज मनात धरतो. चारही चाकांमागे रबरी पट्ट्या बसवल्या आहेत. पुढच्या चाकांच्या पट्ट्यांमुळे दाराखालच्या पत्र्यावरचे टवके जवळजवळ थांबले. नवा टवका दिसला तर त्याच दिवशी अल्कोहोलने पुसून वर पारदर्शक थराचा थेंब लावून ठेवतो, म्हणजे रविवारपर्यंत पाणी आत जात नाही.

दुकानदाराने पैसे परत करण्यास नकार दिल्यावर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. तेथे तडजोड झाली नाही. दुकान लातूरला असल्याने तिकडेच खेटे घालावे लागतील, असे मला वाटत होते. परंतु २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा ग्राहक आयोगाकडेही दाद मागता येते, व्यवहार पाच लाखांपर्यंतचा असेल तर शुल्क लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते. त्याच कायद्यात बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा म्हणून नोंदवलेली आहे, त्यामुळे साध्या कागदावरची पावती आणि यूपीआयने दिलेल्या ३२,००० रुपयांची नोंद एवढ्या पुराव्यावर मी बीडच्या जिल्हा आयोगाकडे तक्रार दाखल केली आहे. उरलेले १०,००० मी रोख दिले होते आणि त्यांचा कागद माझ्याकडे नाही. जाडीच्या आकड्यांची छायाचित्रे, खोटा रोल क्रमांक असलेले कार्ड आणि फिल्मचे तुकडे मी पाकिटात घालून तक्रारीसोबत जोडले आहेत. त्यांतील एका तुकड्याच्या मागच्या बाजूला माझ्या बॉनेटचा निळा रंग अजून चिकटलेला आहे.