श्वान-निवाऱ्यासाठी घेतलेला ॲजिलिटी संच: सहा महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या श्वान-निवाऱ्यासाठी सहा महिन्यांपूर्वी आम्ही ॲजिलिटीच्या, म्हणजे कुत्र्यांच्या अडथळा-शर्यतीच्या, साहित्याचा एक संच विकत घेतला. घडी होणारा कापडी बोगदा, उडीचे दोन अडथळे, जमिनीत रोवायचे सहा खांब आणि वर चढून थांबण्यासाठी एक बुटका चौथरा एवढ्या वस्तू त्यात होत्या. १९७८ साली लंडनमध्ये भरलेल्या क्रफ्ट्स या श्वान-प्रदर्शनात प्रेक्षकांच्या करमणुकीसाठी सुरू झालेल्या खेळाचे हे साहित्य आहे. परंतु स्पर्धेतल्या कुत्र्याची आणि दिवसाचा बराचसा वेळ पिंजऱ्यात काढणाऱ्या कुत्र्याची गरज निराळी असते, हे संच बनवणाऱ्यांच्या गावीही नसावे.

पैसे वसूल झाले ते बोगद्यामुळे. पिंजऱ्यात सतत गोल फिरत राहणारी एक तपकिरी कुत्री आमच्याकडे होती. तिच्यासाठी आम्ही बोगदा पुरता आवळून हातभर लांबीचा ठेवला आणि पलीकडच्या तोंडाशी खाऊ घेऊन मी जमिनीवरच बसलो. तीन दिवस तिने केवळ मान आत घातली. चौथ्या दिवशी ती आरपार आली, कानांपासून शेपटीपर्यंत अंग झाडले आणि कोणी न बोलावता वळसा घालून पुन्हा पहिल्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. मात्र बोगदा जागेवर धरून ठेवण्यासाठी दिलेल्या पिशव्या फारच हलक्या आहेत. एक थोराड कुत्रा आत शिरताच बोगदा कलंडला आणि त्यानंतर आठवडाभर तो त्याच्या आसपासही फिरकला नाही. आता आम्ही दोन्ही बाजूंना वाळूची पोती लावतो.

अडथळ्यांचा दांडा धक्का लागताच खाली पडतो, ही रचना योग्यच आहे. त्याचा लाल रंग मात्र चुकला आहे, कारण कुत्र्यांना निळा आणि पिवळा रंग चांगला ओळखता येतो, तर हिरव्या गवतावरचा लाल त्यांना मळकटच दिसतो. आम्ही त्यावर निळी चिकटपट्टी गुंडाळली. हाडांची वाढ पूर्ण न झालेल्या पिल्लांसाठी तर आम्ही दांडा जमिनीवरच ठेवतो.

चौथऱ्याचा पृष्ठभाग गुळगुळीत होता, म्हणून त्यावर रबरी चटई चिकटवावी लागली. त्यानंतर तो फार उपयोगी पडला. दत्तक घ्यायला आलेल्या लोकांच्या अंगावर झेप घेणारी कुत्री आता चौथऱ्यावर चढून वाट पाहतात, आणि पाहुण्यांचे मत पहिल्या दोन मिनिटांतच बनत असते.

पार्व्हो या कुत्र्यांच्या संसर्गजन्य आजाराचा विषाणू दीर्घकाळ टिकून राहत असल्याने विलगीकरणातल्या कुत्र्यांना आम्ही हे साहित्य देत नाही. इतरांच्या वापरानंतरही बोगदा निर्जंतुक करावा लागतो आणि त्याचे दुहेरी कापड लवकर वाळत नाही. शिवाय साहित्य मैदानात मांडून कुत्र्याला एकटे सोडले, तर तो त्यावर पाय वर करण्यापलीकडे काहीही करत नाही. सोबत माणूस लागतोच.

पुन्हा खरेदी करायची झाल्यास आम्ही पूर्ण संच न घेता दोन बोगदे आणि एक चौथरा एवढेच घेऊ. खांबांमधून नागमोडी पळायला शिकवण्यात कित्येक आठवडे जातात, आणि तोवर कुत्र्याला घर मिळालेले असावे अशीच आमची इच्छा असते. ते सहा खांब सध्या धुतलेली अंथरुणे वाळत घालण्याच्या कामी येत आहेत.